राष्ट्रीयीकृत बँका आणि सामान्य माणूस

बँकेचा पैसा म्हणजे बँकमालकाचा पैसा, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात तो मुख्यतः ठेवीदारांचा असतो. तो कोणाला कर्जाऊ द्यायचा, हे मात्र बँक चालविणारे ठरवितात. म्हणूनच बँकांची मालकी कोणाकडे असावी, हा प्रश्न साऱ्या देशाच्या अर्थव्यवस्थेशी निगडित आहे.

१९६९ पूर्वी आपल्या देशातील बहुतेक मोठ्या बँका खासगी उद्योगसमूहांच्या प्रभावाखाली होत्या. कर्ज प्रामुख्याने कारखानदार व व्यापारी यांना मिळे. शेतीच्या वाट्याला शंभरातले जेमतेम दोन रुपये येत. खेड्यातील गरीब माणसाला सावकाराचेच दार माहीत होते. १९ जुलै १९६९ रोजी ५० कोटींहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांत बँक ऑफ महाराष्ट्रही होती. १९८० मध्ये आणखी ६ बँकांची भर पडली.

याचे परिणाम दूरगामी झाले. १९६९ मध्ये देशात बँकांच्या सुमारे ८,२०० शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या ६०,००० च्या घरात गेल्या आणि त्यांतील निम्म्याहून अधिक ग्रामीण भागात होत्या. घराघरांतील बचत बँकेत येऊ लागली. शेती, लघुउद्योग व दुर्बल घटक यांना अग्रक्रमाने कर्ज देण्याचे बंधन आले. १९७२ च्या विभेदक व्याजदर योजनेत अतिगरिबांसाठी ४ टक्के व्याज ठरले आणि त्या कर्जाचा ४० टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखला गेला.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. सरकार मालक झाले, तसे ते मोठे ऋणकोही झाले. १९९० च्या सुमारास ठेवींच्या दर शंभर रुपयांपैकी पन्नासहून अधिक रुपये सरकारी रोखे व रिझर्व्ह बँकेतील राखीव रक्कम यांतच अडकत. राजकीय दडपणाखाली कर्जे दिली गेली, कर्जमाफीच्या घोषणांनी परतफेडीची शिस्त सैल झाली. पुढे बड्या उद्योगांनी थकविलेल्या कर्जांमुळे मार्च २०१८ अखेर सरकारी बँकांच्या दर शंभर रुपयांच्या कर्जातील चौदाहून अधिक रुपये बुडीत खात्याच्या वाटेवर होते. बँका सावरण्यासाठी सरकारी तिजोरीतून, म्हणजे जनतेच्याच करातून, भांडवल द्यावे लागले. २०२० च्या विलीनीकरणानंतर सरकारी बँकांची संख्या १२ उरली.

यावरून बोध असा की, सरकारी मालकीने बँकेचे दार गरिबासाठी उघडते. पण कर्जाची पारख निःपक्ष राहिली नाही, तर तेच दार त्याच्यासाठी पुन्हा बंद होते. कारण बड्याने थकविलेला पैसा पुढच्या गरजूपर्यंत पोहोचत नाही.

सभासद व विद्यार्थी यांनी आपल्या जिल्ह्याचा वार्षिक पतपुरवठा आराखडा पाहावा, दुर्बल घटकांसाठी त्यात किती तरतूद आहे हे तपासावे. अर्ज नाकारला गेल्यास लेखी कारण मागावे. आणि घेतलेले कर्ज वेळेवर फेडावे. हक्क आणि जबाबदारी या दोहोंवरच ही व्यवस्था उभी आहे.