टमाट्याच्या बिया आणि चारातील एक

आदिलाबादच्या काळ्या मातीत कापूस पिकविणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारून पाहा, ‘यंदाच्या संकरित कापसाची सरकी पुढच्या मृगाला पेराल का?’ तो हसून नकार देईल. सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी विकसित केलेला एच-४ हा संकरित कापूस १९७० साली आला. तेव्हापासून संकरित बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते, हे शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक झाले आहे. परसबागेत हौसेने टमाटे लावणारी आपण मंडळी मात्र बाजारातल्या एखाद्या सुरेख टमाट्याच्या बिया वाळवून ठेवतो, आणि पुढील हंगामात भलत्याच आकाराची फळे लागली की बुचकळ्यात पडतो. कोणी मातीला दोष देतो, कोणी खताला, तर कोणी शेजारच्या झाडाला.

मी हा प्रयोग मुद्दाम करून पाहिला. मूळ फळ मध्यम, गोल आणि कच्चेपणी देठाजवळ गडद हिरवे होते. त्याच्या बियांपासून सात रोपे वाढविली. चार झाडांची फळे मूळ फळासारखी निघाली. दोन झाडांना लहान, किंचित लांबट फळे आली. सातव्या झाडाच्या कच्च्या फळांवर देठाजवळचा तो गडद हिरवा पट्टा नव्हताच. ती सर्वांगी फिकट हिरवी होती. माती एक, पाणी एक, फळ एक. मग हे तीन प्रकार आले कोठून?

उत्तर मूळ फळाच्या मातापित्यांत आहे. दोन भिन्न शुद्ध वाणांच्या संकरातून होणारी पहिली पिढी एकसारखी दिसते. प्रत्येक गुणासाठी तिच्याजवळ दोन जनुके असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यांतील प्रभावी जनुकाचा गुण दिसतो व अप्रभावी जनुक झाकलेले राहते. पुढच्या पिढीत जनुकांच्या नव्या जोड्या जुळतात. दोन्हीकडून अप्रभावी जनुकच आले, तर झाकलेला गुण प्रकट होतो. ग्रेगॉर मेंडेल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाटाण्याचे असेच हिशेब दिले आहेत: दुसऱ्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. टमाट्याच्या देठाजवळील हिरव्या पट्ट्याचा अभाव हा असाच अप्रभावी गुण आहे. २०१२ साली त्यामागील जनुक ओळखले गेले. ते निकामी झाले की फळ एकसारखे रंगते, परंतु त्यातील हरितकणांची वाढ आणि साखर कमी होते, असेही तेव्हा दिसून आले.

शेजारच्या झाडावरील आरोपही तपासून पाहू. टमाट्याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. क्वचित परका पराग आलाच, तरी त्या वर्षीचे फळ बदलत नाही, कारण फळाचा गर मातृवृक्षाचाच असतो. संकराचा परिणाम त्यातील बी पेरल्यावरच दिसतो. म्हणून बी राखावयाचे असल्यास ‘पुसा रुबी’ किंवा ‘अर्का विकास’ यांसारख्या सरळ वाणाचे राखावे. ‘अर्का रक्षक’सारख्या संकरित वाणाचे बियाणे मात्र नव्यानेच घ्यावे.

बालरोगतज्ज्ञाने टमाट्यावर इतके का लिहावे, असे वाचकांस वाटेल. त्याचे कारण माझ्या दवाखान्यात आहे. माणसे म्हणजे वाफ्यातील रोपे नव्हेत, परंतु वारशाचा नियम दोघांनाही सारखाच लागू पडतो. सिकलसेलचा आजार आपल्या जिल्ह्यातील गोंड समाजात आणि पैनगंगेपलीकडे विदर्भातील अनेक समाजांत आढळतो. हातापायांना सूज, तीव्र वेदना आणि फिकटपणा घेऊन बाळ येते. निदान सांगितल्यावर घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आमच्या घराण्यात हे कधीच नव्हते,’ आणि सर्वांच्या नजरा सुनेकडे वळतात. वास्तविक आजारी बाळाला सिकलचे एक जनुक आईकडून आणि दुसरे वडिलांकडून मिळालेले असते. दोघेही वाहक, म्हणूनच दोघेही निरोगी दिसणारे! वाहक असणे हा रोग नाही आणि कलंक तर नाहीच. उलट, वाहकांना घातक हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवून दिले.

दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणी बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण मुक्त असण्याची चारात एक असते. येथे एक गैरसमज मात्र फार महागात पडतो. ‘एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुरक्षित,’ असे अनेक जण धरून चालतात. दैवाजवळ अशी खातेवही नसते. दर वेळी फासा नव्याने पडतो. चार अपत्ये असलेल्या अशा शंभर कुटुंबांचा हिशेब केला, तर सुमारे बत्तीस कुटुंबांत एकही आजारी मूल नसेल, आणि काही घरांत दोन-तीनही असतील. माझ्या वाफ्यात सातांपैकी एकच झाड वेगळे निघाले. दुसऱ्याच्या वाफ्यात तीनही निघू शकतील.

म्हणून व्यवसायबंधूंना आणि सुजाण वाचकांना आग्रहाची विनंती आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. आपल्या परिचयातील तरुण-तरुणींची रक्ततपासणी विवाहापूर्वी होईल असे पाहावे. विद्राव्यता चाचणी सकारात्मक आल्यास हिमोग्लोबिनच्या निश्चित तपासणीचा आग्रह धरावा. एक वाहक व दुसरा मुक्त असेल, तर त्यांच्या अपत्याला सिकलसेल ॲनिमिया होत नाही, हे धीर देऊन सांगावे. दोघेही वाहक असतील, तर गर्भारपणी लवकर निदान करता येते. बाळ आजारी निघालेच, तर पेनिसिलिन, न्यूमोकोकसची लस आणि हायड्रॉक्सीयुरिया यांच्या साहाय्याने त्याचे आयुष्य पुष्कळ सुकर होते. आणि सर्वांत आधी त्या बाळाच्या आईला, तिच्या सासरच्या माणसांसमक्ष, हा चाराचा हिशेब समजावून सांगावा. तिच्या माथ्यावरचे ओझे उतरविणे, हाही उपचाराचाच भाग आहे.