हिवाळ्याचे गवत, उन्हाळ्याचे गवत

विम्बल्डनची हिरवीगार मैदाने टीव्हीवर पाहिली, की आपल्या शाळेत तसे गवत का नाही, असे मुले विचारतात. भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावी हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. चैत्र-वैशाखात पाणी जपून वापरावे लागते. ते कोणत्या गवताला घालायचे, हे आधी ठरवायला हवे.

विम्बल्डनवर २००१ पासून निव्वळ बारमाही रायग्रास पेरतात. युरोपातील कुरणांतला हा महत्त्वाचा चारा. तो साधारण आठवड्याभरात उगवतो. पान मऊ, खालून चकचकीत. १५ ते २५ अंश सेल्सिअसला तो उत्तम वाढतो. पारा ३५ अंशांच्या वर राहिला, की वाढ खुंटते, बरेच ठोंब मरतात. भरपूर पाणी घालूनही हे टळत नाही. असे का?

पानातील रुबिस्को हे विकर हवेतील कार्बन डायऑक्साइड पकडते. पण ते ऑक्सिजनही पकडू शकते. तापमान वाढले, की ही चूक वाढते आणि झालेल्या कमाईचा काही भाग वाया जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. उष्णतेने नेहमीचे श्वसनही वाढते. कमाई कमी आणि खर्च जास्त झाल्यावर साठा किती दिवस पुरणार?

आपल्या हरळीने, म्हणजे दूर्वेने, यावर तोड काढली आहे. ती कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बन असलेल्या संयुगात बांधते आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन सोडते. तेथे त्याचे प्रमाण इतके वाढते, की ऑक्सिजनला फारसा वाव उरत नाही. उसाच्या पानांतील हा मार्ग हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडला. ज्वारी, बाजरी, मका, मारवेल याच गटातली. तेवढाच पाला तयार करायला त्यांना साधारण निम्मे पाणी पुरते.

रायग्रासचे भाऊबंदही आपल्या शिवारात आहेत: गहू आणि ओट. म्हणून तर गव्हाची पेरणी लांबली, की उतारा घटतो. गुरांसाठी थंडीतले गवत हवे असेल, तर ओट नोव्हेंबरात पेरावा. सुमारे ५० दिवसांनी जमिनीपासून ८-१० सेंमी ठेवून कापावा. वाढीचा कोंब बुडाशी असल्याने तो पुन्हा फुटतो. हिरवळ कापतानाही एका वेळी एकतृतीयांशाहून अधिक पान काढू नये.

मैदानासाठी मात्र आम्ही हरळीच सुचवू. रायग्रास ठोंबाने वाढतो. खेळून टक्कल पडले, की ते आपोआप भरत नाही. हरळी जमिनीवर पसरणाऱ्या खोडांनी जागा पुन्हा व्यापते.

वर्गात एक प्रयोग करावा. एका कुंडीत गहू, दुसरीत ज्वारी पेरावी. एकदा नोव्हेंबरात, पुन्हा एप्रिलमध्ये. पाणी सारखेच मोजून घालावे, उंची व पानांची संख्या दर आठवड्याला नोंदवावी. कोणते गवत कोणत्या ऋतूचे, हे मुलेच वहीतून सांगतील.