अमेरिकी ‘स्टॉक’ मोटारींची चॅसिस व सस्पेन्शन रचना : वऱ्हाडातील वाहतुकीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मोटारीविषयी बोलताना इंजिनाची शक्ती, वेग आणि इंधनाचा खर्च यांचा विचार प्रथम केला जातो. इंजिनाने निर्माण केलेली शक्ती मात्र चार टायरांचा जो थोडासा भाग रस्त्याला टेकलेला असतो, त्याच्याद्वारेच जमिनीपर्यंत पोहोचते. त्यांपैकी कोणत्या टायरवर किती भार पडावा, हे चॅसिस म्हणजे गाडीचा सांगाडा आणि सस्पेन्शन म्हणजे चाके व सांगाडा यांना जोडणारी स्प्रिंगांची व्यवस्था ठरवते. अमेरिकेतील ‘स्टॉक’ मोटारींच्या शर्यती या विषयाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहेत. ‘स्टॉक’ म्हणजे कारखान्यातून विक्रीस आलेली, कोणताही बदल न केलेली गाडी. सामान्य गाडी असामान्य वेगाने पळवताना तिच्या रचनेतील गुणदोष उघडे पडतात. प्रस्तुत लेखात या गाड्यांच्या रचनेचा विकास स्पष्ट करून, अमरावती व अकोला जिल्ह्यांतील वाहतुकीच्या दृष्टीने त्यातून मिळणाऱ्या बोधाचा विचार केला आहे.

चौथ्या चाकाचा प्रश्न

वऱ्हाडातील बैलबंडी यंत्रशास्त्राच्या दृष्टीने तीन आधारांवर उभी असते : दोन चाके आणि बैलांच्या खांद्यावरील जू. तिवई ओबडधोबड जमिनीवरही डगमगत नाही, त्याप्रमाणे बंडीची दोन्ही चाके स्प्रिंगेशिवायही जमिनीला टेकलेली राहतात. बसणाऱ्याला हादरे बसतात, ही गोष्ट वेगळी. चार पायांच्या टेबलाची स्थिती निराळी असते. त्याचा एक पाय किंचित लांब असला, तर जवळजवळ सर्व भार तो पाय आणि त्याच्या तिरप्या समोरचा पाय यांवर पडतो. उरलेले दोन पाय जवळपास रिकामे राहतात.

मोटारीला चौथे चाक येताच हाच प्रश्न उभा राहतो. त्यामुळे स्प्रिंगेचे पहिले कार्य प्रवाशाला आराम देणे हे नसून चारही चाके रस्त्याला टेकलेली ठेवणे हे आहे. दबलेली स्प्रिंग पुन्हा पुन्हा उसळू नये म्हणून शॉक अॅब्सॉर्बर लागतो. या दोहोंनी आपले काम नीट करावे, यासाठी सांगाडा ताठ असावा लागतो. सांगाड्यालाच पीळ पडू लागला, तर तो स्वतःच एक अनियंत्रित स्प्रिंग बनतो आणि भाराची सर्व गणिते चुकतात.

महाराष्ट्रात आलेली अमेरिकी रचना

ही अमेरिकी रचना महाराष्ट्राला अपरिचित नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली होती. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ला येथे क्रायस्लर गटाच्या डॉज, डिसोटो व प्लिमथ गाड्या जुळवल्या. महिंद्र कंपनीने विलिस जीप आणली.

या गाड्यांचा पाया शिडीसारखा असे. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे अशी ही रचना वाकण्यास चांगला प्रतिकार करते. पण पिळण्यास तिचा प्रतिकार कमी असतो. त्या काळच्या प्लिमथला पुढे स्वतंत्र कॉइल स्प्रिंगा असत. मागे अखंड आस आणि कमानपाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असत. जीपला पुढेमागे कमानपाटेच होते. ली पेटी यांनी १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये ज्या गाडीने पेनसिल्व्हेनियातील शर्यत जिंकली ती प्लिमथच होती. कुर्ल्यात जुळणाऱ्या आणि अमेरिकेत शर्यतीत धावणाऱ्या गाड्यांचे कूळ अशा रीतीने एकच होते.

शार्लट, १९४९ : नियम आणि कमानपाटे

‘नॅसकार’ ही संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली. अपरिवर्तित गाड्यांची तिची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथील मातीच्या धावपट्टीवर झाली. ग्लेन डनावे यांची १९४७ ची फोर्ड प्रथम आली; परंतु तपासणीत तिच्या मागील स्प्रिंगांमध्ये बदल केल्याचे आढळले आणि जिम रोपर यांच्या लिंकन गाडीला विजयी घोषित करण्यात आले. असा बदल बेकायदा दारू वाहणारे लोक करीत असत. भरलेली गाडी मागे बसू नये आणि पोलिसांपासून पळताना वळणावर आवरता यावी, हा त्यामागील हेतू होता. गाडीच्या मालकाने न्यायालयात दाद मागितली. परंतु नियम करण्याचा व ते पाळायला लावण्याचा संस्थेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. या क्रीडाप्रकाराचा पहिलाच मोठा वाद अशा प्रकारे इंजिनावरून न होता स्प्रिंगांवरून झाला.

रचनेचा पुढील विकास

हडसन कंपनीने १९४८ च्या मॉडेलपासून गाडीची बैठक सांगाड्याच्या तुळयांच्या वर न ठेवता त्यांच्या मध्ये खाली बसवली. गुरुत्वमध्य खाली आल्यामुळे वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार कमी झाला. १९५२ मध्ये नॅसकारच्या मुख्य मालिकेतील ३४ शर्यतींपैकी २७ हडसनने जिंकल्या. येथेही नियमाचा प्रश्न होताच. कंपनीने मजबूत सुटे भाग ‘खडतर वापरासाठी’ म्हणून आपल्या यादीत घातले. त्यामुळे ते विक्रीस असलेले, म्हणजे ‘स्टॉक’ ठरले.

मागील कमानपाट्यांवर दोन कामे सोपवलेली असतात : भार पेलणे आणि आस जागेवर धरणे. जोराने शक्ती दिल्यावर आस फिरू पाहते, पाट्यांना इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा बाक येतो आणि चाक थरथरते. कालांतराने ही दोन कामे वेगळी करण्यात आली. भार कॉइल स्प्रिंगांवर गेला. आसेला पुढेमागे सरकू न देण्यासाठी दोन लांब दांडे आले. त्यांची रचना १९६० च्या दशकातील शेव्हर्ले मालवाहू गाडीवरून घेतली होती. आस बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा दांडा बसवण्यात आला. ही व्यवस्था मुख्य मालिकेत २०२१ पर्यंत टिकली. २०२२ च्या नव्या गाडीत मागील चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन देण्यात आले. दरम्यान चालकाच्या रक्षणासाठी बसवलेला पोलादी नळ्यांचा पिंजरा सांगाड्याशी जोडला गेला आणि त्याने पिळाला प्रतिकार करण्याचे कामही केले. पुढे नळ्यांचा सांगाडा हाच गाडीचा पाया झाला आणि ‘स्टॉक’ हे केवळ नाव उरले.

असममितीचा उपयोग

डेटोना येथे १९५९ मध्ये सुरू झालेल्या धावपट्टीची वळणे ३१ अंशांनी कललेली आहेत. अशा लंबवर्तुळाकार धावपट्टीवर गाडी नेहमी डावीकडेच वळते. त्यामुळे तिची दोन्ही अंगे सारखी ठेवण्याचे कारण उरत नाही. उजव्या बाजूच्या स्प्रिंगा अधिक ताठ, वजन डावीकडे अधिक आणि पुढील दोन चाकांचे कल परस्परांहून भिन्न ठेवले जातात. टेबलाच्या लांब पायाचे तत्त्व येथे हेतुपूर्वक वापरले जाते. एका स्प्रिंगेवरील स्क्रू फिरवला, की त्या चाकावरील व तिरप्या समोरच्या चाकावरील भार वाढतो आणि उरलेल्या दोघांवरील कमी होतो. या फेरबदलाने गाडी वळणावर पुढून घसरेल की मागून, हे नियंत्रित करता येते. ही गाडी त्या धावपट्टीवर उत्तम चालते. सामान्य रस्त्यावर मात्र ती धोकादायक ठरेल.

वऱ्हाडातील संदर्भ

वऱ्हाडातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरील रस्ता कालांतराने लाटांसारखा वरखाली होतो. अशा रस्त्यावर पुरेशी लवचीक आणि दोन्ही अंगांनी समान स्प्रिंग हवी. दुसरीकडे, जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना यांदरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकण्यात आला व त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. म्हणजे एकच मालवाहू वाहन एका फेरीत शेताकडील उंचसखल रस्ता आणि वेगाचा महामार्ग असे दोन्ही अनुभवते.

अधिक माल भरता यावा म्हणून मागे जास्तीचा पाटा चढवण्याची पद्धत आपल्याकडे परिचित आहे. गाडी बसत नाही, म्हणून ती भार पेलते असा समज होतो. वस्तुतः पाटा वाढला तरी ब्रेक, टायर, आस आणि सांगाडा यांची क्षमता तेवढीच राहते. नोंदणी प्रमाणपत्रातील कमाल वजनाचा आकडाही बदलत नाही. मागील बाजू ताठ झाल्याने वळणावर सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा मागील बाहेरच्या टायरवर येतो आणि गाडी मागून घसरण्याची शक्यता वाढते. रिकाम्या फेरीत तीच स्प्रिंग पुरेशी दबत नाही. चाक खड्ड्यावरून उसळते आणि जमिनीला न टेकलेल्या चाकाचा ब्रेक निरुपयोगी ठरतो. बसलेली गाडी ही चालकाला मिळणारी अतिभाराची सूचना असते. जास्तीचा पाटा ती सूचनाच बंद करतो.

निष्कर्ष

१) सस्पेन्शनचे मूळ कार्य चारही चाके जमिनीला टेकलेली ठेवणे हे असून त्यासाठी सांगाड्याचा ताठपणा आवश्यक आहे.

२) स्टॉक मोटारींची असममित रचना एकाच प्रकारच्या धावपट्टीसाठी योग्य आहे. कोणतीही सस्पेन्शन रचना रस्त्यापासून अलग करून चांगली किंवा वाईट ठरवता येत नाही.

३) १९४९ मध्ये शार्लट येथे मागील स्प्रिंगांतील बदलाने एक विजेता अपात्र ठरला. वऱ्हाडातील रस्त्यांवर त्याच जातीच्या बदलाची तपासणी करणारा पंच वळणावर उभा नसतो. त्याची किंमत चालक, मजूर आणि समोरून येणारा प्रवासी यांना मोजावी लागते. म्हणून कमानपाट्याचे शास्त्र अभियांत्रिकीच्या वर्गापुरते न ठेवता गॅरेजमधील कारागीर व वाहनचालक यांच्यापर्यंत पोहोचवणे, हे या भागातील महाविद्यालयांनी हाती घेण्यासारखे कार्य आहे.