घर कोलकात्यात, नाव कुठे?

पश्चिम बंगालमधील मतदारयाद्यांच्या विशेष सखोल फेरतपासणीनंतर १६ डिसेंबर २०२५ रोजी प्रारूप यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा तीत आधीच्या यादीतील ५८ लाखांहून अधिक नावे नव्हती. त्यांपैकी सुमारे २४ लाख मृतांची होती आणि सुमारे १ लाख ३८ हजार दुबार होती. ही नावे वगळण्यास तत्त्वतः कोणाचीच हरकत असू नये. वादाचे मूळ उरलेल्या दोन रकान्यांत आहे. जवळजवळ २० लाख मतदार 'कायमचे स्थलांतरित' ठरले आणि १२ लाखांहून अधिक 'न सापडलेले'. एकट्या चौरंगी मतदारसंघात ७४ हजारांहून अधिक नावे गळाली. परप्रांतांतून पोटासाठी आलेल्यांनी आणि बंगालमधून पोटासाठीच बाहेर गेलेल्यांनी भरलेल्या या महानगरात प्रश्न साधा, पण मूलभूत आहे: माणूस किती काळ दूर राहिला म्हणजे तो कायमचा गेला?

कायद्याचे उत्तर अनेकांच्या समजुतीपेक्षा उदार आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मतदाराकडून 'सर्वसाधारण रहिवासी' असण्याची अपेक्षा करतो. त्याच्या २०व्या कलमानुसार केवळ घर मालकीचे आहे म्हणून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही. त्याचबरोबर, तात्पुरता बाहेर गेलेला माणूस केवळ त्या अनुपस्थितीमुळे रहिवासी असण्याचे थांबत नाही. वाद उद्भवल्यास प्रकरणातील सर्व वस्तुस्थिती पाहून निर्णय द्यावा, असेही हेच कलम सांगते. कायद्याने येथे दिवसांची मर्यादा हेतुपुरस्सर घातलेली नाही. कुटुंब कोठे आहे, मुले कोठे शिकतात, माणूस परत येतो काय, हे पाहण्याचे काम त्याने अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवले.

मात्र विवेकाला वेळ लागतो आणि तोच मोहिमेकडे नसतो. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी घरोघरचे अर्जवाटप सुरू झाले आणि मुदतवाढीनंतर ११ डिसेंबरला संकलन संपले. जेमतेम साडेपाच आठवड्यांत राज्यातील साडेसात कोटींहून अधिक मतदारांची छाननी करायची होती. कुटुंबीयाला सही करण्याची आणि ऑनलाइन अर्जाची सोय होती, हे आयोगाच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. बडाबाजारातल्या अनेक हमालांचे नाव बिहारच्या गावीही असते आणि दोन्हीकडे मत ठेवणे बेकायदा आहे, हेही खरे. परंतु ज्याचे कुटुंब सोबतच सुरतेला किंवा मुंबईला गेले आहे, त्याच्या कुलूपबंद दारासमोर उभ्या राहिलेल्या कर्मचाऱ्याला 'तात्पुरता' आणि 'कायमचा' यांतला फरक दिसणार तरी कसा?

या प्रश्नाची विसंगती परदेशस्थांच्या संदर्भात ठळक होते. पूर्वी सहा महिन्यांहून अधिक काळ परदेशी राहणाऱ्या भारतीयाचे नाव यादीतून जात असे. २०१० मध्ये कायद्यात '२० अ' हे कलम आले आणि १० फेब्रुवारी २०११ पासून अमलात आले. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व न घेतलेला भारतीय नोकरी, शिक्षण वा अन्य कारणाने परदेशी असेल, तर त्याची अनुपस्थिती तात्पुरती आहे की नाही हे न विचारता पारपत्रावरील भारतातील पत्त्यावर त्याची नोंद होऊ शकते. म्हणजे बालीगंजचा अभियंता दुबईत पंधरा वर्षे राहूनही कोलकात्याचा मतदार राहू शकतो. मेटियाब्रुझचा शिंपी मात्र दोन वर्षे मुंबईत राहिला, तर त्याच्यासाठी असा कोणताही अर्ज नाही. ज्या गावी नोंद करावी तेथे भाड्याच्या खोलीचा कागद नाही आणि ज्या गावी घर आहे तेथे तो हजर नाही.

परदेशस्थांचा हा हक्कही बव्हंशी कागदावरच आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत १ लाख १९ हजारांहून अधिक परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. प्रत्यक्ष केंद्रावर येऊन मत देणारे ३ हजारही नव्हते. प्रतिनिधीमार्फत मतदानाचे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि सभागृह विसर्जित होताच रद्दबातल ठरले. देशांतर्गत स्थलांतरितांसाठी आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांसमोर ठेवलेली दूरस्थ मतदानयंत्राची कल्पनाही विरोधानंतर मागे पडली.

परदेशी कायम वास्तव्याचे परवाने तर याहून कठोर असतात. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असलेला माणूस पुनर्प्रवेशाच्या परवान्याविना सलग वर्षभर बाहेर राहिला, तर ते कार्ड प्रवेशासाठी चालत नाही. ब्रिटनमधील बेमुदत वास्तव्याचा परवाना सर्वसाधारणपणे सलग दोन वर्षांच्या अनुपस्थितीनंतर संपतो. कॅनडात पाच वर्षांपैकी ७३० दिवसांचे वास्तव्य आवश्यक असते. हे नियम जाचक खरे, पण विमानात बसण्यापूर्वीच माणसाला दिवस मोजता येतात. शिवाय तो तेथे परका असतो. आपल्याच देशात परराज्यात गेलेल्या नागरिकाला मात्र आपला कोणता दिवस शेवटचा ठरणार, हे नाव गेल्यावर कळते.

बंगालला अशा शेवटच्या दिवसांची जुनी आठवण आहे. ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारात, ३१ डिसेंबर १९५० पर्यंत परतणाऱ्या स्थलांतरिताला त्याची स्थावर मालमत्ता परत देण्याचे अभिवचन होते. ऑक्टोबर १९५२ मध्ये पूर्व पाकिस्तानच्या सीमेवर पारपत्राची पद्धत आली. कोण कधी गेला आणि कधी परतला, यावर येथे घर, जमीन आणि नागरिकत्वही ठरले आहे. त्यामुळे 'स्थलांतरित' हा प्रशासनाच्या लेखी निव्वळ रकाना असलेला शब्द कोलकात्यातील अनेक घरांत वेगळ्या अर्थाने ऐकू येतो. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ही भीती आपापल्या परीने वापरण्याचा मोह राजकीय पक्षांना झाला, यात नवल नाही.

मराठी वाचकाने हा बंगालचा घरगुती तंटा समजू नये. खानापूर-आटपाडीच्या गलाई व्यावसायिकांची घरे सांगली जिल्ह्यात आणि भट्ट्या देशभरच्या सराफ बाजारांत आहेत. कोलकात्यात नेमणूक झालेल्या मराठी केंद्रीय अधिकाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे, की परदेशी नेमलेल्या सरकारी सेवकाला आणि सैनिकाला कायद्याने मूळ गावचा रहिवासी मानले आहे. देशातल्या देशात बदली झालेल्या मुलकी अधिकाऱ्याला ती सवलत नाही. पुण्यात फ्लॅट आहे, एवढ्याने पुण्याचे मत टिकत नाही.

उपाय सर्वोच्च न्यायालयाने दाखवलेला आहे. मुंबई आणि दिल्लीतील मतदारांच्या लालबाबू हुसेन प्रकरणात १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितले होते, की यादीत आधीच असलेल्या नावाला काही वजन असते आणि म्हणणे मांडण्याची योग्य संधी दिल्याखेरीज ते काढता येणार नाही. बिहारमधील वगळलेल्या सुमारे ६५ लाख नावांची यादी कारणांसह जाहीर करण्याचा १४ ऑगस्ट २०२५ चा आदेशही त्याच दिशेचा होता. त्यापुढचे पाऊल संसदेने टाकायचे आहे. परदेशस्थासाठी जे '२० अ' कलमाने केले, ते देशांतर्गत स्थलांतरितासाठी करण्यात घटनेचा कोणताही अडसर नाही. तोवर बाहेरगावी असलेल्या प्रत्येकाने यादीतील आपले नाव दरवर्षी तपासावे आणि खरोखर बिऱ्हाड हलवले असेल तर नोंदही हलवावी. कारण यादी दुरुस्त करणारा कर्मचारी दारावर येतो, तेव्हा दार उघडणारे कोणी नसणे हाच आजवर स्थलांतरिताविरुद्धचा सर्वात मोठा पुरावा ठरला आहे.