मोटारसायकलचें दुखणें आणि त्याचें निदान

दाराशीं उभी असलेली मोटारसायकल ऐन वेळीं चालू झाली नाहीं, म्हणजे साऱ्या घराचा जीव टांगणीस लागतो. आम्ही कांहीं यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. परंतु गेल्या आषाढांत घडलेल्या एका प्रसंगामुळें या विषयांत लक्ष घालणें आम्हांस भाग पडलें. तो अनुभव वाचकांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें देत आहों.

नातवाची गाडी तीन-चार दिवस कुरकुरत होती. एके सायंकाळीं ती मुळींच चालू होईना. नाक्यावरील कारागिरानें ती न उघडतांच "पंप गेला" असा निकाल देऊन हजारोंचा आंकडा सांगितला. तेव्हां चिरंजीव स्वतःच पक्कड घेऊन अंगणांत बसले व टाकीखालची नळी काढूं लागले. इतक्यांत सूनबाई तुळशीपुढें दिवा लावावयास आली.

आम्ही ओसरीवरून ओरडलों, "अरे, थांब! सूनबाई, दिवा आधीं आंत ने."

"पण आजोबा, इंजिन तर बंद आहे!" नातू म्हणाला.

त्याचें म्हणणें खरें होतें, पण अपुरें होतें. जुन्या गाड्यांत कार्बोरेटर असे आणि पेट्रोल आपल्या वजनानें टाकींतून खालीं उतरे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत इंजेक्शनची रचना आली. टाकींत बुडालेला विजेचा पंप पेट्रोल दाबानें नळींत पाठवितो. हा दाब पुष्कळ गाड्यांत सुमारें ३ बार, म्हणजे चौरस इंचास ४३ पौंडांच्या आसपास असतो. नळीच्या टोकाचा इंजेक्टर तें तुषारांप्रमाणें उडवितो. किती उडवावयाचें तें ई.सी.यू. नांवाची पेटी ठरविते. इंजिन बंद केल्यावरही हा दाब नळींत राहूं शकतो. नळी निघतांच पेट्रोलची चिळकांडी उडाली असती, आणि दिवा दहा हातांवर होता!

दुसऱ्या दिवशीं उजेडीं आम्ही गाडीचें माहितीपुस्तक घेऊन बसलों. तर्कशास्त्रांत कारण ठरविण्याची अन्वय-व्यतिरेक नांवाची रीत आहे: कारण असतां कार्य घडतें आणि कारण नसतां घडत नाहीं, हें दोन्ही पडताळावयाचें. तीच येथें लागू पडते. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि आधीं बिनखर्चाची.

प्रथम टाकींत पेट्रोल आहे ना, इंजिन बंद करण्याचें बटण चुकून दाबलेलें नाहीं ना, हें पाहावें. गाडी आडवी पडली असेल, तर पुष्कळ गाड्यांत पेट्रोल आपोआप बंद होतें. किल्ली एकदां बंद करून पुन्हां फिरवावी. मग कानांनीं काम घ्यावें. किल्ली फिरवितांच टाकींतून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकूं आली पाहिजे, ती पंपाची. ती नसेल तर पंपास दोष देण्यापूर्वीं फ्यूज, रिले व बॅटरी तपासावी.

गुणगुण आहे, पण गाडी कांहीं अंतर जाऊन गुदमरते, आणि टाकीचें झांकण उघडतांच सुधारते, तर झांकणांतील हवेचें छिद्र बुजलें असें समजावें. चढावर जोर कमी पडत असेल, तर पेट्रोलची गाळणी तुंबली असण्याचा किंवा दाब घटल्याचा संभव असतो. तो दाबमापकानेंच कळतो. पावसाळ्यांत पाण्याचाही संशय घ्यावा. सांप्रतच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें पाणी शोषून घेतें; पाणी फार झालें म्हणजे दोन्ही मिळून टाकीच्या तळाशीं बसतात, आणि पंप तेथूनच ओढतो. टाकी नेहमीं रिकामी ठेवणेंही बरें नव्हे, कारण पेट्रोलच पंपास थंड ठेवतें.

इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, तर तो दोष कोणत्या बाजूस आहे एवढेंच सांगतो. अमुक भाग बदला असें सांगत नाहीं. उलट दिवा लागला नाहीं म्हणून पेट्रोलचा दाब ठीक आहे असेंही नव्हे.

आमच्या गाडींत गुणगुण नव्हती. भोंगाही घोगरा वाजला. म्हणजे दुखणें पंपाच्या अलीकडेच, विजेच्या वाटेवर होतें. बॅटरी उघडून पाहतों तों तिच्या एका टोकावर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पुटें चढलेलीं! किल्ली बंद करून तार सोडविली, टोंक घांसून कोरडें केलें, तार घट्ट आंवळली. किल्ली फिरवितांच टाकींतून गुणगुण आली. नव्या पंपाचे पैसे वांचले; पण आदल्या सायंकाळीं जें वांचलें त्यापुढें त्या पैशांची काय किंमत!

तेव्हांपासून आमच्या घरीं दोन नियम आहेत. पाहणें, ऐकणें व पुसणें घरीं करावें. दाबाखालची नळी मात्र दाब उतरविण्याची रीत जाणणाऱ्या कारागिरानेंच सोडवावी. आणि गाडीस हात लावावयाचा तो सकाळीं, अंगणाबाहेर. तुळशीपुढचा दिवा रोजच्या वेळेस लागतो.