पडद्यावरही पहारा!

हॉस्टेलच्या गेटपासून कॉरिडॉरपर्यंत सगळीकडे सीसीटीव्ही आहेत, हे रात्री उशिरा येणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पण कॅमेऱ्याला दाराबाहेरचं दिसतं, मशीनच्या पोटातलं दिसत नाही. याचा फटका गेल्या सेमिस्टरला आमच्या प्रोजेक्ट ग्रुपला बसला, आणि आमच्यापेक्षा जास्त लॅबच्या मामांना.

आमची फटिग टेस्ट रात्रभर चालायची. पोलादाचा नमुना सतत फिरवत-वाकवत ठेवायचा आणि तो किती फेऱ्यांनी तुटतो ते मोजायचं. एका सकाळी पाहतो तर मशीन बंद आणि पीसीवर फेऱ्या शून्य! रेकॉर्डिंगमध्ये रात्री दहाला मामा लॅबमध्ये जाताना दिसले. झालं, मेन स्विच त्यांनीच बंद केला असं ठरलं. "पोरांनो, मी खिडकी लावायला गेलो होतो," असं ते परोपरीने सांगत होते. मेमो मिळायचा तो मिळालाच.

म्हटलं, आता पीसीच्या पडद्याचंच रेकॉर्डिंग करायचं. आधी पडद्यासमोर कॅमेरा लावून पाहिला. अंधारात पडदा नुसता पांढरा फटक, आकडे गायब. पीसीत सॉफ्टवेअर टाकायला सरांची सक्त मनाई, कारण कॅलिब्रेशन केलेलं मशीन. तुमच्या पीसीला हात लावायची मुभा असेल, तर एफएफएमपेग आणि मीडियाएमटीएक्स या दोन फुकट सॉफ्टवेअरवर काम भागतं. आम्हाला मात्र बाहेरून डबाच जोडावा लागला. त्याचं नाव एन्कोडर.

हा डबा करतो काय? १०२४ × ७६८ चा पडदा, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार करा, सेकंदाला सुमारे ११३ कोटी बिट होतात! एवढं कॉलेजच्या लॅनवर कोण घेणार? पण पडद्यावर बदलतात ते चार आकडे. २००३ साली आलेली एच.२६४ पद्धत नेमका याचाच फायदा घेते. एक पूर्ण चित्र पाठवायचं आणि पुढे फक्त फरक. आम्ही सेकंदाला १० चित्रं आणि २ मेगाबिट ठेवले, आकडे स्वच्छ वाचता आले. याचे दिवसाला २१.६ जीबी होतात, म्हणजे महिना ६५० जीबीच्या आत.

उरला प्रश्न एनव्हीआरचा, म्हणजे वॉचमनच्या केबिनमधल्या रेकॉर्डरचा. समोर भिंग आहे की डबा, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. बोली ओळखीची हवी. ती बोली म्हणजे १९९८ सालचा आरटीएसपी प्रोटोकॉल, नेहमीचा पोर्ट ५५४. डबा ऑनव्हिफ पाळणारा असेल तर एनव्हीआर त्याला आपोआप शोधतो, नाहीतर पत्ता हाताने भरायचा.

आमचा पीसी जुना, व्हीजीएवाला. म्हणून स्प्लिटर, त्यातून एक वायर मॉनिटरला, दुसरी व्हीजीए ते एचडीएमआय कन्व्हर्टरमधून एन्कोडरला. इथे दोन दिवस गेले. मॉनिटर आपल्याला किती रिझोल्यूशन झेपतं ते केबलमधूनच पीसीला कळवतो. याला ईडीआयडी म्हणतात. आम्ही स्प्लिटरच्या पहिल्या पोर्टला कन्व्हर्टर लावला होता, त्यामुळे चित्र वेडंवाकडं यायचं. तिथे मॉनिटर लावला आणि गाडी रुळावर आली.

आता काही सूचना. पीसी आणि एनव्हीआरची घड्याळं जुळवा; आमच्यात ११ मिनिटांचा फरक निघाला, असा पुरावा कोण मानेल? डब्याचा मूळ पासवर्ड बदला. पडद्यावरचं सगळं केबिनमध्ये दिसतं, तेव्हा त्या पीसीवर मेल उघडू नका. आम्ही तर मॉनिटरवर तशी चिठ्ठीच चिकटवली. आणि कॉमन रूमच्या सेटटॉप बॉक्सवर हा प्रयोग करू नका. तिथे एचडीसीपीचं कुलूप असतं, पदरी काळा पडदाच येईल.

सतराव्या रात्री मशीन पुन्हा थांबलं. सकाळी रेकॉर्डिंग लावलं. ३ वाजून २० मिनिटांनी आकडे पळताहेत, एकदम अंधार, मग पीसी आपोआप सुरू होतोय आणि फेऱ्या शून्य. दारात कोणी नाही. वीज क्षणभर गेली होती. एन्कोडर आणि स्विच यूपीएसवर, पीसी मात्र साध्या बोर्डावर! शेवटच्या चित्रातून आमचा आकडा तर मिळालाच, वर पीसीलाही यूपीएस मिळाला.

पहिल्या रात्रीचा पुरावा कुठेच नव्हता. पण सरांनी स्वतः मामांना बोलावून मेमो मागे घेतला. मामा एवढंच म्हणाले, "तुमचा डबा आधी लावला असता तर बरं झालं असतं." यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. कॉरिडॉरच्या कॅमेऱ्याने माणूस आत गेला एवढंच सांगितलं होतं; बाकीची गोष्ट आम्हीच रचली होती.