डिझेलची बॅटरी: प्लेटांपासून सीसीएपर्यंत

१९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली आणि डिझेल गाडी मध्यमवर्गीयांच्या सोसायटीत उभी राहू लागली. त्याआधी डिझेल म्हणजे सुमो, जीप किंवा टॅक्सीवाल्याची अँबॅसडर. मारुती ८०० सांभाळलेल्या माणसाला डिझेलचा वेगळेपणा बॅटरी बदलताना कळायचा: आकार मोठा, वजन जास्त, किंमतही जास्त.

त्याचं कारण इंजिनातच होतं. डिझेलला ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबूनच इतकी तापवायची की फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं. इंडिकाच्या त्या पहिल्या इंजिनात हवा सुमारे बावीस पट दाबली जायची. आधी हीटर प्लग करंट खाणार, मग सेल्फ हा सगळा दाब फिरवणार, आणि दोन्हींचा भार एकट्या बॅटरीवर.

तेव्हा दुकानात पहिला प्रश्न असायचा, "किती प्लेटची?" अकरा, तेरा, पंधरा, प्लेटा जास्त तर बॅटरी दणकट, असा हिशेब. मेकॅनिक एकेक झाकण उघडून हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबायचा, काचेच्या नळीत ॲसिड वर चढायचं आणि आतला तरंगता काटा वाचून तो सांगायचा, "ग्रॅव्हिटी बाराशे पन्नास, ठीक आहे." एखाद्या सेलमध्ये काटा खालीच राहिला की समजायचं, सेल गेला. त्या तपासणीला तोड नव्हती. सहाही सेलची तब्येत वेगवेगळी दिसायची.

२००० नंतर कॅल्शियमच्या जाळीच्या, पाणी न मागणाऱ्या बॅटऱ्या सर्रास झाल्या. डिस्टिल्ड वॉटरची बाटली गेली, पण पुष्कळ बॅटऱ्यांचं झाकणही बंद झालं. आत काय चाललंय ते कळेना, म्हणून गिऱ्हाईक वॉरंटीचे महिने मोजू लागलं. माझ्या मते ही दिशाच चुकली. वॉरंटीतला बराच काळ प्रो-राटा असतो, म्हणजे बॅटरी बिघडली तरी नवीसाठी पैसे मोजावेच लागतात.

२००७ मध्ये स्विफ्ट डिझेल आली आणि कॉमन रेल, म्हणजे एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी पद्धत, घरोघरी पोचली. इथे हिशेब पुन्हा बदलला. रेलमध्ये पुरेसा दाब तयार व्हायला सेल्फ जोरात फिरावा लागतो, आणि त्याच वेळी व्होल्टेज फार कोसळला तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर उघडतच नाही. इंजिन फिरतंय पण चालू होत नाही, म्हणून लोक पंपाला दोष देत बसतात. अनेकदा दोषी बॅटरीच निघते.

म्हणून डिझेलसाठी मी आधी सीसीए, म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँपिअर, पाहतो. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी उणे १८ अंश सेल्सिअसला ३० सेकंद किती अँपिअर देईल, तेही व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता, याचं ते मोजमाप. "आपल्याकडे कुठे आलीय एवढी थंडी?" असं दुकानदार म्हणतात. पण निफाडला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, ऑइल घट्ट होतं, आणि दोन-तीन उन्हाळे बॉनेटखाली भाजून निघालेली बॅटरी नेमकी तेव्हाच बसते. बॅटरीचं आयुष्य उन्हाळा खातो. कळतं मात्र थंडीत.

नंतर मापही पाहावं लागतं. डीआयएन पद्धतीच्या बॅटरीचे टर्मिनल खोलगट जागेत बसवलेले आणि पकड तळाशी. जपानी पद्धतीत टर्मिनल वर आलेले आणि पट्टी वरून. पॉझिटिव्ह डावीकडे की उजवीकडे, हे चुकलं तर केबल पोचत नाही, आणि ती ताणून बसवणं धोक्याचं. २०१५ मध्ये मारुतीच्या सियाझ डिझेलबरोबर एसएचव्हीएस ही सौम्य हायब्रिड यंत्रणा आली. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या अशा गाड्यांत साधी बॅटरी लवकर दम तोडते. तिथे कंपनीने दिलेल्या प्रकाराचीच घ्यावी, थोडे पैसे वाचवू नयेत.

एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचं बीएस ६ मानक लागू झालं आणि मारुतीने डिझेल सोडलं. आज बॅटरी शोधणारी बरीच डिझेल वाहनं म्हणूनच जुनी आहेत, आणि कमी फिरणारी. उभ्या गाडीतही घड्याळ, सेंट्रल लॉक, ईसीएम थोडा थोडा करंट घेतच राहतात. अशा गाडीला नवी बॅटरी टाकण्याआधी इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर मीटर लावून घ्यावा: साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर ऑल्टरनेटर ठीक. आणि नव्या बॅटरीवरची उत्पादनाची तारीख आपण स्वतः वाचावी. दुकानात सहा महिने पडून राहिलेली बॅटरी सवलतीतसुद्धा घेऊ नये.